इमारतीची किंमत : शून्य

इतिहासाचं आणि माझं शाळेपासून जमलेलं नाही. पानिपतची तिसरी लढाई १७६१ साली झाली हे मला अजून पाठ आहे, पण त्यात इतिहासाच्या सरांचा काही हात नाही. आमच्या वडिलांच्या लुनाचा नंबर १७६१ होता. दहावीला या विषयाने मला असा घाम फोडला, की पुढे कॉमर्सला जाताना मी दुसरा कसलाही विचार केला नाही. कॉमर्समध्ये भूतकाळ म्हणजे फार तर 'ओपनिंग बॅलन्स'. एक ओळ लिहिली की मागचं सगळं मिटलं. त्या आकड्याच्या मागे कोण जन्मलं, कोण मेलं, कोणी कोणाचा किल्ला घेतला, हे कोणी विचारत नाही.

असा मी, वीस वर्षं एका बँकेच्या काउंटरला चिकटलेला कारकून, आज इतिहासावर लिहायला बसलो आहे, याला दोन माणसं जबाबदार आहेत. एक माझा भाचा आणि दुसरे आमच्या पेठेतले आप्पा. त्यांच्या जोडीला एक साहेबही आहे, कॅप्टन ब्रिग्ज नावाचा; पण तो १८७५ सालीच वारला, त्यामुळे त्याच्याकडून लेखी खुलासा मागवता येत नाही.

भाचा शिकायला इंग्लंडात आहे. दर रविवारी तो मला काही ना काही फोटो पाठवतो. बहुतेक फोटोंत तो, त्याचे मित्र आणि मागे पाऊस असतो. एका रविवारी मात्र नुसतं दुकान आलं. लाल विटांचं, दुमजली, पांढऱ्या खिडक्यांचं. खाली लिहिलं होतं, "मामा, हे आमच्या गावातलं दुकान. तीनशे वर्षांचं आहे. मालकालासुद्धा खिडकी बदलायची तर परवानगी लागते."

मी उलट विचारलं, "आत काय विकतात?"

"केक."

तीनशे वर्षांच्या भिंती, आणि आत काय तर केक. पण पोराने पुढे जी माहिती पाठवली ती वाचून माझ्यातला बँकवाला जागा झाला. इंग्लंडात अशी कितीतरी बाजाराची गावं आहेत. आपल्याकडच्या आठवडे बाजाराच्या गावांसारखीच. राजाची सनद मिळाली की ठरल्या वारी बाजार भरवायचा. त्या बाजारपेठांतली जी दुकानं आज विटांची दिसतात, त्यांतल्या बऱ्याच दुकानांची वीट ही फक्त तोंडापुरती असते. आत जुनं लाकडाचं घर उभं असतं. अठराव्या शतकात विटांची फॅशन आली, तेव्हा लोकांनी जुन्या घराला पुढून नवी भिंत लावून घेतली. लग्नाला जाताना आपण जुन्या बनियनवर नवा सफारी चढवतो, त्यातलाच प्रकार.

त्याहून बहारीचा प्रकार कराचा. १७८४ साली तिथल्या सरकारने विटांवर कर बसवला, हजारी अडीच शिलिंग. कर नगावर होता. भट्टीवाल्यांनी काय केलं असेल? वीटच मोठी केली! तेवढ्याच भिंतीला विटा कमी, म्हणजे कर कमी. सरकारला हे कळायला एकोणीस वर्षं लागली. १८०३ साली त्यांनी मोठ्या विटेला दुप्पट कर लावला. शेवटी १८५० साली तो करच उठला, पण त्या काळच्या विटा अजून भिंतींत आहेत. म्हणजे भिंतीला पट्टी लावून कोणत्या सालचं सरकार किती हावरं होतं याचा अंदाज घ्यावा! हे वाचलं आणि मला प्रथमच वाटलं, की इतिहास हा विषय शाळेत चुकीच्या माणसांच्या हाती गेला. तो अकाउंट्सच्या सरांनी शिकवायला हवा होता.

हा फोटो मी दुसऱ्या दिवशी आप्पांना दाखवला. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि म्हणाले, "हाई तं आपलंच दुकान शे!"

आता आप्पा आणि त्यांचं दुकान यांच्याबद्दल सांगायला हवं. त्याआधी शिरपूरबद्दल. पुण्यात कोणाला शिरपूर सांगितलं, की तो विचारतो, "म्हणजे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं?" तर ते नव्हे. ते वाशिम जिल्ह्यातलं. आमचं धुळे जिल्ह्यातलं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. धुळ्याहून निघालं, तापी ओलांडली की आलंच. उत्तरेला सातपुडा, गावाला लागून अरुणावती नदी. आता गावात मोठमोठी कॉलेजं झाली, गिरण्या झाल्या. रेल्वे तेवढी यायची राहिली आहे. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ साली मंजुरी मिळाली, तेव्हा पेठेत पेढे वाटले गेले. आप्पांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "हा मंजुरीचा. गाडीचा वेगळा घेईन."

आप्पांचं दुकान जुन्या पेठेत होतं. भुसार आणि किराणा. रस्त्यापासून कमरेइतका उंच ओटा, ओट्यावर अंजनाचे चार खांब. अंजन हे खानदेशच्या रानातलं लाकूड. त्यात खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो. वरच्या मजल्याला तीन कमानी खिडक्या, आणि ती सगळी दर्शनी भिंत पक्क्या विटांची, चुन्यात बांधलेली. चुना बैलाच्या घाणीत मळून घ्यायचे, तो काळ. पण बाजूच्या बोळात शिरलं, की सगळं पितळ उघडं. मागची सारी भिंत मातीची आणि वर मातीचं धाबं. भाच्याच्या इंग्लंडातल्या दुकानासारखंच, वीट तोंडापुरती! आप्पांना फोटोत आपलं दुकान दिसलं ते काही उगीच नव्हे.

दुकानाला शटर नव्हतं. नऊ फळ्या होत्या, आणि प्रत्येक फळीवर १ ते ९ असा आकडा कोरलेला. सकाळी त्या काढायच्या, रात्री खाचेत बसवायच्या. क्रम चुकला तर शेवटची फळी बसतच नसे. रोज रात्री आप्पा आणि त्यांचा नोकर मिळून हे काम करीत, त्याला चांगली दहा मिनिटं लागत. पण त्या दहा मिनिटांत अर्धी पेठ ओट्यापाशी थांबून जाई. कोणाच्या पोराचं लग्न ठरलं, कोणाचा कापूस कितीला गेला, कोण दवाखान्यात आहे, हे सगळं चौथ्या आणि सातव्या फळीच्या दरम्यान कळत असे.

एके दिवशी आप्पांचा मुलगा आमच्या शाखेत आला. जुनं दुकान पाडून तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं होतं, त्यासाठी कर्ज हवं होतं. पोरगा चांगला आहे. त्याचंही चूक नव्हतं. धाबं दर पावसाळ्यात गळायचं, उंदरांनी मागची भिंत पोखरली होती, आणि हायवेला मॉल झाल्यापासून गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. फाईल तयार झाली. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आला, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आला, व्हॅल्युअर येऊन टेप लावून गेला. त्याचा अहवाल आला तो असा : जागेची किंमत अमुक लाख. बांधकाम : वय ऐंशी वर्षांहून अधिक, घसारा वजा जाता किंमत शून्य.

तो आकडा कर्जाच्या प्रस्तावात मीच भरला. आमचे साहेब काटेकोर. म्हणाले, "नुसतं शून्य नको, अक्षरीपण लिहा." मी लिहिलं, 'अक्षरी शून्य रुपये फक्त.'

ती फाईल मुलाने घरी नेऊन दाखवली असावी. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आप्पा काउंटरवर हजर. पासबुक भरायला आले असतील म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "काय रे भो, हाई दुकानवर मना बाप, मना आजा जगनात, आनि तू म्हनस शून्य?"

मी म्हणालो, "आप्पा, ते मी नाही म्हणत. तो घसारा आहे. दरवर्षी थोडी थोडी किंमत कमी होत जाते."

"दरसाल थोडी थोडी किंमत माझीपण कमी झाली का मग?"

आप्पांचं वय तेव्हा एक्याऐंशी. बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत या प्रश्नाचं उत्तर आम्हाला शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आप्पा, इमारत किती सालची आहे?" ते म्हणाले, "मोठ्या पुरानंतरची." "कोणता मोठा पूर?" "माझ्या आजाच्या बापाने पाहिलेला." यावर 'सनासह पुरावा जोडावा' असा शेरा मारता येत नाही. म्हणून पुढच्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सौ.च्या भाजीच्या पिशव्या घरी टाकून मी धुळ्याच्या एका ग्रंथालयात जाऊन बसलो आणि खानदेशचं गॅझेटियर उघडलं. ते १८८० साली निघालं. सरकारी पुस्तक म्हणून मी जांभई तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

पूर सापडलाच. १८७५ साली अरुणावतीला असा पूर आला, की शिरपूरच्या काही भागात सहा फूट पाणी चढलं. नुकसान बत्तीस हजार रुपयांचं. आज बत्तीस हजारांत मोबाईल येतो आणि त्याचंही कव्हर वेगळं घ्यावं लागतं. पण तेव्हा अख्ख्या गावाची दाणादाण त्या आकड्यात बसली होती. शिरपूरची नगरपालिका १८७० सालची. म्हणजे पालिका जन्मून जेमतेम पाच वर्षं झाली, आणि पहिलीच परीक्षा ही.

आता सहा फूट पाण्यात मातीच्या घराचं काय होतं, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, हिवाळ्यात ऊब देते, आणि पुरात नदीबरोबर निघून जाते. भाजलेली वीट मात्र पाण्याला ओळख देत नाही. आप्पांच्या पणजोबांनी पूर ओसरल्यावर ठरवलं, की निदान रस्त्याकडची भिंत भाजलेल्या विटांची करायची. चारही बाजूंनी करण्याइतका पैसा नव्हता. असं आप्पांच्या घरात सांगतात. मला ते पटतं. कारण पैसा कमी पडला की माणूस आधी दर्शनी बाजू उरकतो, हे मी रोज कर्जाच्या अर्जांत पाहतो.

पण गॅझेटियरमध्ये मला जो खरा खजिना सापडला तो शिरपूरचा नव्हता, धुळ्याचा होता. आज जिल्ह्याचं ठिकाण म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, ते धुळं १८०३ साली चक्क ओस पडलं होतं. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि त्याच वर्षीचा भयंकर दुष्काळ. माणसं गेली, घरं राहिली. दुसऱ्या वर्षी विंचूरकरांच्या पदरचे बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. तो काही हार घालून गेला नाही. आमच्याच तालुक्यातल्या थाळनेरच्या किल्ल्यावर त्यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत तोफा डागल्या आणि किल्लेदाराला फासावर दिलं.

आणि लगेच, १८१९ च्या जानेवारीत, त्याच सरकारचा कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवतो. कारागीर लांबलांबून आणले. खर्च आला सत्तावीस हजार. मग त्याच्या लक्षात आलं असावं, की कचेरीत बसून करायचं काय, गावात माणसं तर हवीत! त्या साली धुळ्याची वस्ती होती दोन हजार पाचशे नऊ आणि घरं चारशे एक. मी सवयीने भागाकार केला : घरटी सहा माणसं आणि पाव.

तेव्हा ब्रिग्जने दोन गोष्टी केल्या. एक, व्यापाऱ्यांना आणि इतरांना घरांसाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या बिनभाड्याच्या. दोन, चांगली पक्की घरं बांधता यावीत म्हणून त्यांना आगाऊ रकमा दिल्या. जुन्या रहिवाशांना दिल्या आणि बाहेरून आलेल्या परक्यांनाही दिल्या.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. वाचकहो, हे गृहकर्ज आहे! आमच्या जिल्ह्यातलं बहुधा पहिलं सरकारी गृहकर्ज, आणि तेही परगावच्या माणसाला! आमच्याकडे परगावचा माणूस आला तर त्याला आधार कार्ड, पॅन कार्ड, तीन वर्षांची रिटर्न्स, सहा महिन्यांची पगारपत्रकं, दोन जामीनदार आणि लाईटचं बिल मागतात. लाईटच्या बिलावर नावात एक वेलांटी कमी असेल तर त्याला पुन्हा परगावी पाठवतात. आणि या गृहस्थाने आधी तोफ चालवली, मग तगाई वाटली.

त्याचा हेतू काही धर्मादाय नव्हता. पेठ भरली की जकात, जकात आली की कचेरी, कचेरी टिकली की राज्य, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. पण हिशेब बरोबर निघाला हेही खरं. १८६३ पर्यंत धुळ्याची वस्ती दहा हजारांवर गेली. सरळ आखलेल्या रस्त्यांच्या त्या पेठेला आजही लोक 'गल्ली नंबर अमुक' अशा आकड्यांनी ओळखतात. ब्रिग्ज पुढे साताऱ्याला रेसिडेंट झाला, फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचं भाषांतर त्याने १८२९ साली छापलं आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर वारला. कोणत्या साली? १८७५. म्हणजे त्याने कर्ज देऊन जिल्ह्यात पक्क्या घरांची सुरुवात केली, आणि तो गेला त्याच साली आमच्या गावाला पक्क्या घराची गरज कळली. सनावळ्यांत एवढी गंमत असते, हे आमच्या सरांनी एकदा जरी सांगितलं असतं!

पुढच्या सोमवारी मी हे सगळं आप्पांना ऐकवलं. मला वाटलं, ते खूष होतील. ते म्हणाले, "कर्जाशिवाय पेठ कधी बांधली गेली का? पेठ म्हणजेच पत." मग त्यांनी गल्ल्याच्या मागच्या कपाटातून लाल कापडात बांधलेल्या चोपड्या काढल्या. लांबट, शिवलेल्या, वर 'श्री' काढलेल्या. मोडी मला येत नाही, आप्पांना थोडी येते. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं.

कापसाचे दिवस चोपड्यांच्याही आधीचे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई थांबली तसा भावही उतरला. तेजीत पेठांमध्ये माड्या चढल्या, मंदीत शेतकऱ्यांवर कर्ज चढलं. हे दोन्ही एकाच चोपडीत लिहिलं जातं, फक्त वेगवेगळ्या बाजूला. जमा आणि नावे. जी रक्कम दुकानदाराच्या माडीला वीट होते, ती कोणाच्या तरी खळ्यातून आलेली असते. तिकडे पुणे जिल्ह्यात सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख कशावर होता? रोख्यांवर आणि चोपड्यांवर. त्या हिसकावून त्यांनी जाळल्या. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदाच करावा लागला. पुन्हा १८७५! मी आप्पांना तसं म्हटलं. आप्पा गप्प राहिले. मग म्हणाले, "जाळतील नाही तर काय? आमच्या चोपडीतपण आहे." आणि त्यांनी एक पान काढलं. एका शेतकऱ्याची बैलजोडी व्याजापोटी जमा करून घेतलेली. नाव, गाव, बैलांचे रंग. एक पांढरा, एक बांडा.

मग त्यांनी दुसरं पान काढलं. संवत १९५६. म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ, छप्पनचा म्हणतात तो. त्या पानावर एकाखाली एक नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे रक्कम खोडून एक गोल काढलेला.

"हे काय आप्पा?"

"शून्य," आप्पा म्हणाले. "आजोबांनी सोडून दिलं."

मला भरून आलं. मी म्हणालो, "केवढं मोठं मन!"

"मन कसलं! अर्धी माणसं मेली होती, अर्धी गाव सोडून गेली होती. वसूल कोणाकडून करणार?" आप्पांनी चोपडी मिटली. "पण जी परत आली ती याच ओट्यावर आली. दुसऱ्या दुकानात गेली नाहीत. तुझ्या बँकेत या शून्याला काय म्हणतात?"

'राइट ऑफ' म्हणतात. पण राइट ऑफ झालेला माणूस आमच्या शाखेच्या पायऱ्या पुन्हा कधी चढत नाही, आणि चढलाच तर कॉम्प्युटर त्याच्या नावापुढे लाल रंग दाखवतो. मी काही बोललो नाही.

कर्ज मंजूर झालं. ते व्हायचंच होतं. जागेची किंमत भक्कम होती. मी साहेबांकडे एकदा चाचरत विषय काढला होता, की असं जुनं बांधकाम जरा जपायला नको का. साहेब म्हणाले, "जपा की. कोणत्या योजनेखाली?" त्यांचंही खरं होतं. इंग्लंडात १९४७ च्या कायद्यापासून अशा इमारतींच्या याद्या होतात आणि त्यांत गावातली साधी दुकानंही असतात. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींचे नियम आहेत. शिरपूरच्या किराणा दुकानापर्यंत यादी यायला वेळ आहे. आणि पुण्यात तरी काय झालं? बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्या वाड्यात खाली दुकानं, वर पडझड आणि मध्ये कोर्टकचेरी असं वर्षानुवर्षं चाललं. स्मारक करायचं शेवटी ठरलं, तोवर इमारत पाडण्यापलीकडे गत्यंतर उरलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडली. जिथे सावित्रीबाई शिकवीत होत्या त्या भिंतींची ही कथा. तिथे आप्पांच्या तुरीच्या पोत्यांना कोण विचारतो!

पाडकामाला मी रविवारी गेलो. मला वाटलं होतं धूळ उडेल, भिंत धाडकन कोसळेल, आप्पा डोळे पुसतील. तसं काहीच झालं नाही. ठेकेदाराची माणसं वर चढली आणि एकेक वीट काढून खाली देऊ लागली. अख्खी! मी विचारलं, "फोडत का नाही?" मुकादम म्हणाला, "चुन्याची भिंत आहे साहेब. चुना वीट सोडतो. सिमेंटची असती तर तुकडेच झाले असते. या विटांना गिऱ्हाईक उभं आहे." कुठल्याशा फार्महाऊसवाल्याने सगळ्या विटा आधीच सांगून ठेवल्या होत्या. अंजनाचे खांब आणि नऊ फळ्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने घेतल्या. त्याला म्हणे 'जुना लूक' करायचा होता.

बुधवारी आप्पा काउंटरवर आले. मोडीचे पैसे भरायचे होते. रक्कम चांगली पाच आकडी होती. मी नोटा मोजल्या, शिक्का मारला. स्लिपवर तपशिलाच्या जागी आप्पांनी आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'शून्याचे आलेले.'

आता तिथे कॉम्प्लेक्स उभं आहे. पुढून काच आणि चकचकीत पत्रा. आप्पांच्या मुलाचं दुकान चांगलं चालतं, हप्ते वेळेवर येतात. तक्रारीला जागा नाही. शटर एका हिसक्यात खाली येतं, त्याला चार सेकंद लागतात. चार सेकंदांत कोणाच्या पोराचं लग्न ठरलं ते कळत नाही. ओटा गेला, म्हणून आप्पा संध्याकाळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दाराशी बसतात. मागच्या महिन्यात मुलाने त्यांना हौसेने त्या हायवेच्या हॉटेलात जेवायला नेलं. आप्पांनी म्हणे शेवभाजीला हात लावला नाही. समोर भिंतीवर त्यांच्या नऊ फळ्या लावल्या होत्या, आणि सातवी तिसरीच्या आधी होती. शेवटी वेटरला बोलावून ते म्हणाले, "अशी लावशील तर रात्री दुकान कसं बंद होणार?"

पाडकामाच्या त्या रविवारी मी मुकादमाकडून एक वीट मागून आणली. तिच्या एका अंगावर कुत्र्याच्या पायाचा ठसा आहे. वीट थापून उन्हात वाळत घातली असताना एखादं कुत्रं तिच्यावरून गेलं असणार, आणि तो पाय तसाच भट्टीत भाजून निघाला. आप्पांचे पणजोबा, ती पांढऱ्या नि बांड्या बैलांची जोडी, छप्पनच्या पानावरची गोल काढलेली नावं, यांतलं कोणीच आता दाखवता येत नाही. त्या कुत्र्याची सही मात्र स्पष्ट आहे.

वीट मी दिवाणखान्याच्या कपाटात ठेवली. सौ. म्हणाली, "हे काय आणलंत? किंमत काय याची?"

मी सवयीने 'शून्य' म्हणणार होतो. मग आठवलं. आमच्या बँकेत एक डेड स्टॉक रजिस्टर असतं. त्यात जुनी टेबलं, मोडक्या तिजोऱ्या, बंद पडलेली घड्याळं यांची नोंद असते. वर्षानुवर्षं घसारा जाऊन जाऊन किंमत संपते, पण वस्तू जागेवर असेल तर तिच्यापुढे आम्ही एक रुपया ठेवतोच. शून्य करत नाही. शून्य केलं की ती हिशेबातून जाते, आणि हिशेबातून गेलेली वस्तू मग कोणी शोधत नाही. हा नियम मी वीस वर्षं टेबलखुर्च्यांना पाळतो आहे. त्या दिवशी प्रस्ताव भरताना तो मला आठवला नाही.

मुलीची एक जुनी वही घेतली, रेघा मारल्या आणि पहिली नोंद केली :

वीट, नग १. मोठ्या पुरानंतरची. किंमत रु. १/-. अक्षरी एक रुपया फक्त.